आजीची अंगठी आणि रुमालाखालची बोटं

तर झालं असं, की आजी गेल्यानंतर तिच्या कपाटातून जे निघालं त्यात भांडण होण्यासारखं काहीच नव्हतं. दोन पाटल्या, एक मोहनमाळ आणि बँकेतल्या काही ठेवी. सोन्याचं एक बरं असतं. भाव पेपरात छापून येतो, सराफ काट्यावर वजन करतो, गुणाकार केला की विषय संपला. ठेवींचं तर त्याहून सोपं. घोडं अडलं ते अंगठीपाशी.

१९७४ साली आजोबा रिटायर झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी आजीला एका हिऱ्याची अंगठी केली. आयुष्यात केलेली एकमेव चैन, असं ते स्वतःच म्हणायचे. आजी ती रोज घालायची, फक्त कणीक मळताना काढून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मग दुपारी "अंगठी कुठं गेली" म्हणून घर डोक्यावर घ्यायची आणि आम्ही नातवंडं कोपरापर्यंत हात घालून डबा ढवळायचो. असो.

बाबा, थोरली आत्या आणि धाकटी आत्या अशी तीन भावंडं. अंगठी धाकट्या आत्याला हवी होती. ती शेवटची अकरा वर्षं आजीजवळ राहिली, सगळं तिनंच केलं. खाजगी शाळेतून निवृत्त झालेली, पेन्शन नाही. तिचं म्हणणं साधं होतं. अंगठीची जी किंमत होईल ती माझ्या ठेवींच्या हिश्श्यातून वळती करा. प्रश्न एवढाच, की किंमत किती? थोरल्या आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? काढ की शोधून!"

मंडळी, तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना माहीत असेल. घरातला प्रिंटर बिघडण्यापासून हिऱ्याच्या किमतीपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात पडतं.

मी कामाला लागलो. पहिला सराफ म्हणाला, "सोन्याचे पैसे देतो, खडा तुमचा तुम्ही परत न्या. बाहेरचा हिरा आम्ही घेत नाही." दुसऱ्यानं भिंग लावलं, अंगठी फिरवून फिरवून पाहिली आणि सगळ्याचे मिळून ४१ हजार सांगितले. मग मी शिस्तीत, अंगठीतून खडा काढून प्रयोगशाळेतून तपासून घेतला. ०.६८ कॅरेट, रंग किंचित पिवळसर, आत एकदोन डाग, पैलू जुन्या पद्धतीचे. तो रिपोर्ट घेऊन सरकारमान्य व्हॅल्युअरकडे गेलो. त्यानं लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं, सव्वा लाख.

शिक्का बघून मी भारावलो. रविवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "किंमत सव्वा लाख." धाकट्या आत्यानं मनातल्या मनात हिशोब केला. दोन भावंडांचे दोन तृतीयांश, म्हणजे ठेवीतून ८३ हजार जाणार. ती एवढंच म्हणाली, "मग राहू दे. विकून टाका." आणि उठून चहा करायला गेली.

तेव्हा कळलं, आपण काहीतरी घोळ घातलाय. कोड कंपाइल झाला, रनही झाला, पण उत्तर चुकीचं. आणि बग कुठं आहे ते समजत नव्हतं. एकाच खड्याचे शून्य, ४१ हजार आणि सव्वा लाख असे तीन आकडे कसे? यातला खोटा कोण? पुढचे दोनतीन वीकेंड मी हिऱ्याची किंमत आजवर माणसं कशी काढत आली, ते वाचत बसलो. खाली जे लिहितोय ते त्यातलंच.

पहिलं आश्चर्य म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे किमान दीड हजार वर्षं जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांच्या परीक्षेची प्रकरणं आहेत आणि त्यात हिऱ्याचं चक्क दरपत्रक आहे. वजनाचं माप कोणतं? तर तांदूळ! आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ. वीस तांदूळ वजनाच्या हिऱ्याची किंमत त्या काळची दोन लाख नाणी. मग दोन-दोन तांदूळ कमी करत खाली यायचं. अठरा तांदळांना पाऊण किंमत, सोळाला दोन तृतीयांश, चौदाला निम्मी, असं करत दहाला पाचवा हिस्सा, चारला शंभरावा आणि दोनला हजारावा. आपल्या भाषेत हे एक लुकअप टेबल आहे. यातली गंमत बघा, वजन दहापट झालं की किंमत हजारपट होते. हिऱ्याची किंमत वजनाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, एकदम उसळी घेते, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. कारणही उघड आहे. मोठे खडे दुर्मिळ. दहा बारके हिरे शेजारी शेजारी ठेवले म्हणून एक मोठा हिरा होत नाही.

पुढचे हजारेक वर्षं जगात जवळजवळ सगळे हिरे भारतातूनच जात होते. ते विकत घ्यायला युरोपातून जे आले त्यातला सगळ्यात बडबड्या माणूस म्हणजे जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए. हा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात पुन्हा पुन्हा पूर्वेला आला, गोवळकोंड्याच्या खाणींवर स्वतः गेला आणि परत जाऊन चौदाव्या लुईला हिरे विकले. १६७६ साली त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. त्यात त्यानं हिऱ्याची किंमत काढायचा नियम दिलाय. वजनाचा वर्ग करा आणि एका कॅरेटच्या किमतीनं गुणा. बस्स! त्याचंच उदाहरण घ्या. बारा कॅरेटचा निर्दोष हिरा असेल तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४, एक कॅरेटचे १५० लिव्र, म्हणून किंमत २१,६०० लिव्र. खडा सदोष असेल तर १५० ऐवजी ८० धरा. पंधरा कॅरेटचा सदोष हिरा २२५ गुणिले ८०, म्हणजे १८,००० लिव्र. वजन जास्त असून किंमत कमी. मला तर हा माणूस आपल्यातलाच वाटला. दोन पॅरामीटर, एक फॉर्म्युला, काम तमाम.

२ नोव्हेंबर १६६५ या दिवशी ताव्हेर्निएला औरंगजेबाच्या दरबारात बादशाही जवाहीर हातात घेऊन बघायला मिळालं. त्यात तो प्रसिद्ध 'ग्रेट मोगल' हिरा होता. पठ्ठ्यानं त्याचं वजन नोंदवलं, २७९ पूर्णांक ९/१६ कॅरेट, आणि फॉर्म्युला लावून किंमतही लिहून टाकली. १,१७,२३,२७८ लिव्र, वर चौदा सू! मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, हिशोब बरोबर येतो. पण या आकड्याकडे जरा नीट बघा. हा हिरा विकायला नव्हता. कुणी मागितला नव्हता, कुणी देणार नव्हतं. ज्या सौद्याची शक्यताच नाही, त्याची किंमत सुट्या पैशांपर्यंत! त्यापेक्षा बाबर प्रामाणिक म्हणायचा. १५२६ साली आग्र्यात हुमायूनला जो मोठा हिरा मिळाला, त्याची किंमत म्हणजे सगळ्या जगाचं अडीच दिवसांचं जेवण, असा अंदाज कुणी केल्याचं बाबरनं लिहून ठेवलंय. निदान त्यात चौदा सू नाहीत.

पण खरी मेख ताव्हेर्निएच्याच पुस्तकात दुसरीकडे आहे. खाणीच्या गावात व्यवहार कसा चालायचा ते तो सांगतो. सकाळी गावातल्या झाडाखाली व्यापाऱ्यांची पोरं येऊन बसायची, दहा ते सोळा वर्षांची. प्रत्येकाकडे तराजूची वजनं आणि कमरेला पैशांची पिशवी. कुणी हिरा घेऊन आला, की तो आधी सगळ्यात थोरल्या पोराच्या हातात द्यायचा. तो बघून दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे, कुणी एक शब्द बोलायचं नाही. खडा फिरून परत पहिल्याकडे आला की तो भाव करायचा. संध्याकाळी तो माल मोठ्या व्यापाऱ्यांना विकून नफा सगळ्यांत सारखा, थोरल्याला किंचित जास्त. आपल्या इंटर्नशिपपेक्षा हे बरं होतं!

आणि मोठ्यांचे सौदे? ते व्हायचे कापडाखाली. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, हातावर शेला किंवा रुमाल टाकायचे आणि बोटं दाबायचे. सगळा हात धरला तर हजार, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धं बोट म्हणजे पन्नास, नुसतं टोक म्हणजे दहा. भोवती माणसं उभी असली तरी किती ठरलं ते कुणाला कळत नसे. हे वाचून तुमच्यातल्या गावाकडच्या मंडळींना काही आठवलं का? आपल्या बैलबाजारात आणि मार्केट यार्डात चालणारी हत्ता पद्धत हीच. रुमालाखाली बोटं धरायची आणि तोंड बंद.

म्हणजे बघा. ज्या माणसानं जगाला वर्गाचा फॉर्म्युला दिला, त्यानंच लिहून ठेवलंय की सौदे रुमालाखाली होतात. फॉर्म्युला पुस्तकात, भाव रुमालाखाली. ही जोडी एकदा डोक्यात बसली की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

फॉर्म्युल्याचा पुढचा मोठा भक्त लंडनचा डेव्हिड जेफ्रीज. त्यानं १७५० साली हिरे आणि मोत्यांवर पुस्तक काढलं. तोवर, १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले होते आणि बाजार गडबडला होता. जेफ्रीजचं म्हणणं असं, की घाबरू नका, नियम पक्का आहे. चांगले पैलू पाडलेल्या एका कॅरेटला ८ पौंड धरा आणि वजनाच्या वर्गानं गुणा. दोन कॅरेटला ३२, दहा कॅरेटला ८००. सोबत पानंच्या पानं कोष्टकं.

या नियमाची परीक्षा घ्यायला एक टेस्ट केस हवी होती. ती मला आपल्याच घरात सापडली.

नाशिकचा हिरा. इंग्रजीत त्याला 'नस्साक' म्हणतात. हा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं सांगितलं जातं. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून इंग्रजांच्या हाती पडला आणि दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून लंडनला गेला. वजन जवळपास ९० कॅरेट, खडा अतिशय स्वच्छ, पण पैलू आपल्या पद्धतीचे, म्हणजे वजन वाचवणारे. चमक त्यामानानं कमी. जेफ्रीजचं कोष्टक उघडा. ९० चा वर्ग ८,१००, गुणिले ८, म्हणजे ६४,८०० पौंड. प्रत्यक्षात तो 'रंडेल अँड ब्रिज' या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे गेला सुमारे ३,००० पौंडांना. वीसपटींहून जास्त फरक!

तुम्ही म्हणाल, पैलू चांगले नव्हते. ठीक आहे. रंडेलवाल्यांनी नवे पैलू पाडले, वजन शक्य तितकं राखून. उरला ७८ पूर्णांक ५/८ कॅरेट. आता तर हिरा फॉर्म्युल्यात बसायला हवा. वर्ग करून आठनं गुणलं की येतात साधारण ४९,००० पौंड. १८३० च्या दशकात लंडनच्या बाजारात मिळाले किती? ७,२००. जेमतेम सातवा हिस्सा. १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरच्या घराण्यात गेला आणि पुढे त्यांच्या तलवारीच्या मुठीत बसला.

फॉर्म्युला का फसला? गणित चुकलं म्हणून नाही. फॉर्म्युल्यात एक व्हेरिएबलच नव्हता, समोर बसलेलं गिऱ्हाईक. एक कॅरेटचा हिरा घेऊ शकणारी माणसं लंडनमध्ये हजारो. ऐंशी कॅरेटचा घेऊ शकणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या कितीजणांना त्या वर्षी, त्या मंदीत तो हवा होता? दुर्मिळ वस्तूला किंमत असते हे खरं. पण वस्तू दुर्मिळ तसं गिऱ्हाईकही दुर्मिळ. आणि विकणाऱ्याला घाई असेल तर रुमालाखाली फक्त बोटाचं टोक हाती येतं.

नाशिकच्या हिऱ्याची गोष्ट इथं संपत नाही. १९२७ मध्ये तो अमेरिकेत नेला गेला. आणणाऱ्यानं सांगितलं, ही शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू आहे, हिला जकात नाही. प्रकरण कोर्टात गेलं. अपिलाच्या कोर्टानं शेवटी ठरवलं, की ही पुराणवस्तू नाही, दागिन्यात बसवण्याजोगं पैलू पाडलेलं रत्न आहे, जकात भरा. म्हणजे किंमत सोडाच, ही वस्तू नेमकी आहे काय यावरच वाद!

मग १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं तो घेतला आणि पुन्हा पैलू पाडले. आजच्या मेट्रिक कॅरेटमध्ये ८०.५९ वजन होतं, उरलं ४३.३८. ताव्हेर्निएच्या नियमानं हिशोब केला तर ७० टक्क्यांहून जास्त किंमत त्यानं भुकटी करून उडवली. पण विन्स्टन काही वेडा नव्हता. १९४० चं गिऱ्हाईक वजन नाही, चमक विकत घेत होतं. १९४४ मध्ये हा हिरा न्यूयॉर्कच्या विल्यम लीड्स यांच्या पत्नीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला आणि त्या तो अंगठीत घालायच्या. १९७० च्या लिलावात तो पाच लाख डॉलरला गेला. त्र्यंबकेश्वर, पेशव्यांचा जामदारखाना, सरदाराची तलवार, बाईंची अंगठी. प्रत्येक ठिकाणी त्याची वेगळी किंमत, आणि त्यातली एकही चौदा सूपर्यंत सांगण्याजोगी नाही.

वर्गाचा नियम पुढे मेला तो दक्षिण आफ्रिकेत. १८६० च्या दशकाच्या शेवटी तिथे हिरे सापडले, मग किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्या आणि इतके हिरे, त्यातही मोठे, बाहेर पडू लागले की दुर्मिळता हा पायाच हलला. १८८८ मध्ये डी बीअर्स कंपनी एकत्रित झाली ती मुळात यासाठी, की माल किती बाहेर सोडायचा ते एकानं ठरवावं. विसाव्या शतकाचा बराचसा काळ दुर्मिळता निसर्गानं नाही, तिजोरीच्या किल्लीनं राखली. आणि १९४७ साली त्यांच्या जाहिरात कंपनीतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी हिरा कायमचा असतो अशा अर्थाची ती जगप्रसिद्ध ओळ लिहिली. प्रेमासाठी ती छानच आहे, पण धंद्याच्या अंगानं वाचा. कायमचा, म्हणजे विकायला काढू नका! लोक जुने हिरे विकायला बाहेर पडले असते तर काय भाव मिळतो ते सगळ्यांना कळलं असतं. १९८२ मध्ये एडवर्ड जे एपस्टाइन या पत्रकारानं 'अटलांटिक' मासिकात नेमकं हेच लिहिलं. दुकानातून घेतलेला हिरा परत विकायला जाणाऱ्याला काय अनुभव येतात, याचा तो लांबलचक लेख आजही वाचण्यासारखा आहे.

मधल्या काळात शास्त्रही आलं. १९३१ मध्ये रॉबर्ट शिप्ली यांनी अमेरिकेत जीआयए ही संस्था काढली आणि १९५३ मध्ये तिनं रंगाला डी ते झेड अशी अक्षरं देणारी प्रतवारी आणली. आज जगभर चालते ती हीच. वजन, रंग, स्वच्छता, पैलू, सगळं मोजून लिहिलेलं. पण त्या रिपोर्टवर एक गोष्ट नसते, ती म्हणजे किंमत. किंमतीसाठी १९७८ मध्ये मार्टिन रॅपपोर्ट यांनी दरपत्रक सुरू केलं, वजनाच्या पट्ट्यांप्रमाणे प्रति कॅरेट भाव. ०.९९ वरून १.०० कॅरेटवर गेलात की भाव पायरी चढतो. पुन्हा लुकअप टेबल, वराहमिहिराला ओळखीचं वाटलं असतं! आणि बाजारात त्या भावानं सौदा होतो का? नाही. दलाल सांगतो, यादीवर इतके टक्के खाली. यादी सगळ्यांना दिसते, टक्के दोघांत ठरतात. रुमाल गेला, बोटं तीच.

शेवटचा धक्का अगदी अलीकडचा. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्येच कृत्रिम हिरा बनला होता, पण दागिन्यांत लॅबचे हिरे धडाक्यानं आले ते गेल्या दहाएक वर्षांत. आपल्या सुरतेत तर ते बनतातही. २०१८ मध्ये खुद्द डी बीअर्सनं 'लाइटबॉक्स' नावानं लॅबचे हिरे विकायला काढले आणि भाव ठेवला कॅरेटला ८०० डॉलर, सरळ. पाव कॅरेट २००, अर्धा ४००, एक ८००. पेट्रोलसारखं! २०२५ मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं, कारण भाव त्याच्याही खूप खाली आले होते. मी वहीत तीन ओळी लिहिल्या. वराहमिहिर, दहापट वजनाला हजारपट किंमत. ताव्हेर्निए, शंभरपट. लाइटबॉक्स, दहापट. घातांक तीन, दोन, एक. दीड हजार वर्षांत हिरा बदलला नाही, दुर्मिळतेवरचा विश्वास पायरी पायरीनं उतरत गेला.

तर या सगळ्यातून माझा बग सापडला. हिऱ्याची किंमत हा खड्याचा गुणधर्म आहे असं मी धरून चाललो होतो, वजनासारखा. तसं नाही. ते एक फंक्शन आहे आणि त्याला सांगावं लागतं की कोण विकतंय, कोण घेतंय आणि कशासाठी. मला मिळालेले तिन्ही आकडे खरे होते. पहिल्या सराफाला हिरा नकोच होता. सव्वा लाख म्हणजे अशीच अंगठी आज नवी करायची तर दुकानात लागणारे पैसे. विमा उतरवायचा असेल तर तोच आकडा हवा. आणि ४१ हजार म्हणजे आम्ही चौघं मिळून अंगठी घेऊन काउंटरच्या अलीकडे उभे राहिलो तर हातात पडणारे पैसे. शिक्का बघून मी विम्याचं उत्तर वाटणीच्या प्रश्नाला चिकटवलं होतं. वाटणीत प्रश्न असा, की अंगठी धाकट्या आत्यानं ठेवली नसती तर इतर दोघांना काय मिळालं असतं? सव्वा लाखाचा तिसरा हिस्सा कधीच मिळाला नसता.

पुढच्या रविवारी मी हे सगळं मांडलं. (त्र्यंबकेश्वराचा हिरा निघाला तेव्हा अर्धा तास विषयांतर झालं, ते सोडा.) थोरली आत्या काही पटवून घेईना. "सव्वा लाखाची वस्तू एक्केचाळीसला? वर सही आहे त्या माणसाची!" तिचंही चुकत नव्हतं. तिला कुणी फसवतंय असं वाटणं साहजिक होतं. बाबा म्हणाले, "अगं, मग तूच एकदा विकायला नेऊन बघ." ती खरंच गेली. अंगठी आणि तो लेटरहेड पर्समध्ये घालून, नेहमीच्या दुकानात, जिथं तिला गेली तीस वर्षं खुर्ची आणि कोल्ड्रिंक मिळतं. दोन तासांनी परत आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "छत्तीस सांगतोय मेला. कोल्ड्रिंकसुद्धा दिलं नाही."

एक्केचाळीसवर सगळ्यांचं एकमत झालं. धाकट्या आत्याच्या ठेवीतून तेवढ्याच हिशोबानं पैसे वळते केले. थोरल्या आत्यानं एक अट घातली, ही अंगठी पुढे कधी विकायची नाही. धाकटी म्हणाली, "विकून छत्तीस घेऊ होय?" त्यावर त्या दोघी कितीतरी दिवसांनी एकत्र हसल्या.

परवा तिच्याकडे जेवायला गेलो होतो. पोळ्या चालल्या होत्या आणि बोटात अंगठी नव्हती. मी काही न विचारता तांदळाच्या डब्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तिथंच आहे. हात घालू नकोस, आत्ताच निवडून ठेवलेत."